पंचविसावे काडतूस

"चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही सदोष नग बाहेर गेलेला नाही!"

हे वाक्य पद्माकरराव बोडसांनी ज्याला ऐकवले नाही असा माणूस एनिस गावात शोधून सापडला नसता. टपालवाल्याने ऐकले होते, बसच्या चालकाने ऐकले होते, रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरिणीनेही ऐकले होते. तिचे यंत्र तीन अंकांनी जास्त दाखवते, हेही तिला त्याच बैठकीत समजले होते. कराडच्या तंत्रनिकेतनातील यांत्रिकीची पदविका आणि भोसरीच्या कारखान्यातील तपासणी विभाग, एवढ्या दोन खांबांवर त्यांचे आयुष्य उभे होते. मुलाकडे आयर्लंडला कायमचे राहायला येताना चित्राताईंनी गोडा मसाला आणला आणि पद्माकररावांनी केसाची जाडीसुद्धा मोजणारा व्हर्नियर. मसाला चार महिन्यांत संपला. व्हर्नियर कसा संपेल?

तर वाचकहो, या व्हर्नियरच्या पायी एका मरणाऱ्या माणसाची अखेरची इच्छा कशी मोजली गेली, त्याची ही हकीकत आहे. हसू आले तर दाबू नका. ज्याच्यावर बेतली तोही हसत असे. फक्त हसताना त्याला धाप लागे.

त्याचे नाव मॉसी हेहिर. वय अठ्ठ्याहत्तर, घर समोरच, बायको वारलेली. काउंटीच्या रस्त्यांवर चाळीस वर्षे रोलर चालवून त्याने फुप्फुसे डांबराला वाहिली होती. पद्माकर हे नाव उच्चारायला तेवढा श्वास पुरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने त्याचे 'पॅडी' करून टाकले. पॅडी म्हणजे अगदी अस्सल आयरिश नाव. सगळी गल्ली आयरिश, आणि तीत एकमेव पॅडी कोण, तर आमचे पद्माकरराव!

सप्टेंबरच्या एका सकाळी मॉसीने त्यांना हाक मारली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक दुनळी बंदूक आडवी ठेवली होती.

"माझ्या बापाची. नव्वद वर्षांची आहे. बर्मिंगहॅमची."

"लायसन्स?" पद्माकररावांनी दारातूनच विचारले.

"आहे रे बाबा. आत ये, ती चावत नाही." मॉसी खुर्चीत टेकला. "डॉक्टर म्हणतो, नाताळ बघशील. सेंट ब्रिजिडचा दिवस बघशील की नाही, ते तो सांगत नाही."

सेंट ब्रिजिडचा दिवस म्हणजे एक फेब्रुवारी. रानबदकांच्या शिकारीचा हंगाम संपतो एकतीस जानेवारीला. मॉसीचा आणि बदकांचा हंगाम असा एकाच तारखेला येऊन टेकला होता.

"फर्गस नदीच्या पाणथळीत एकदा जायचं. बापाच्या बंदुकीनं एक बदक पाडायचं, आणि बस्स! मग मला जाळा."

"जाळा?" पद्माकरराव दचकले. "तुमच्यात पुरतात ना?"

"आमचं कबरस्तान ओढ्याकाठी आहे. जन्मभर ओल्या मोज्यांत काढला. मेल्यावर तरी कोरडा राहीन म्हणतो. पैसे भरून ठेवलेत. आता अडचण ऐक." त्याने एक खोका पुढे सरकवला. "ही शिशाची काडतुसं. पाण्याच्या आसपास आता शिसं चालत नाही. कायदा झाला. शिकारीच्या क्लबातला एक गडी म्हणतो, पोलादी छर्ऱ्यांची घे. मी उद्या आणतो."

कायदा वाईट होता असे मॉसीचेही म्हणणे नव्हते. चिखलात पडलेले शिशाचे दाणे पाखरे खडे समजून गिळतात, आणि मग काय होते ते त्याने पाहिले होते. "हंस मरताना बघितलास कधी? मान उभी राहत नाही. पाण्यात बुडते, तो वर काढतो, पुन्हा बुडते. दोन दोन आठवडे चालतं." एवढे बोलून तो थांबला आणि स्वतःच्याच श्वासाची वाट पाहू लागला.

पद्माकररावांनी खिशातून व्हर्नियर काढला. बंदुकीत काडतूस बसते ते कप्पे मोजले, नळीची तोंडे मोजली, आकडे वहीत लिहिले, पुन्हा मोजले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निकाल दिला.

"मिस्टर हेहिर, उद्या तुम्ही पोलादी काडतूस आणले असते, तर परवा तुमच्या अंत्यविधीला मी आलो असतो."

खोटे नव्हते ते. जुन्या बंदुकीचा कप्पा पासष्ट मिलिमीटरचा. आजची बहुतेक काडतुसे सत्तरची. नळ्या पातळ, तोंडाशी आवळत गेलेल्या. शिसे त्या आवळणीतून लोण्यासारखे निघते. पोलाद वाकत नाही, मग नळीला वाकावे लागते.

मॉसीने शिशाचा खोका बाजूला सारला. मग म्हणाला, "पॅडी, निवड तू कर. बंदूक कुठली, काडतूस कुठलं, सगळं तू ठरव. माझ्याकडे वेळ नाही आणि तुझ्याकडे दुसरं काही नाही."

झाले! निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत पद्माकररावांकडे कोणी काही तपासायला दिले नव्हते. ते रस्ता ओलांडून घरी आले ते हवेतूनच.

"अहो, तुम्ही?" चित्राताईंच्या हातातले लाटणे थांबले. "पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिशवीत घालून नदीपलीकडे सोडून येणारे तुम्ही, आणि बंदूक निवडणार?"

"मी मारणार नाही. मी फक्त प्रमाणित करणार."

"बदकाला तो फरक समजावून सांगा म्हणजे झालं!"

पहिल्या आठवड्यात तक्ता तयार झाला. त्यात सतरा रकाने होते. पोलाद: स्वस्त, हलके, कठीण, दाणा दोन नंबर मोठा हवा, पक्षी जवळ हवा, बंदूक नवी हवी. टंगस्टन: शिशाहून जड, पण पोलादाहून कठीण, जुन्या नळीला घातकच. बिस्मथ: मऊ, जवळजवळ शिशाइतके जड, म्हाताऱ्या नळीला मानवणारे, परंतु ठिसूळ आणि दुर्मीळ. सप्टेंबर संपला. मॉसीच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आले आणि कोपऱ्यात बसून म्हशीसारखे फुसफुसू लागले.

ऑक्टोबरात नव्या बंदुकीचा विचार झाला. मॉसीचा पुतण्या डेक्लन जवळच्या शॅनन गावी विमानांच्या कर्जाचे कागद लिहीत असे. बंदुकीचे त्याला एवढेच ठाऊक होते की ती एका बाजूने उडते. तो दोघांना गाडीत घालून गॉलवेच्या वाटेवरच्या एका बंदूकवाल्याकडे घेऊन गेला. पद्माकररावांनी दुकानात पोलादासाठी प्रमाणित अशा पाच बंदुका पाहिल्या. पहिलीच्या दोन नळ्यांच्या तोंडांत केसाएवढा फरक होता. दुसरीच्या स्क्रूच्या खाचा एका रेषेत नव्हत्या. तिसरीच्या दस्त्याला त्यांनी डोळा लावला, गाल लावला, पाणसळ लावली, आणि सुस्कारा टाकला.

"महाराज," दुकानदार म्हणाला, "तुम्हाला हिच्याशी शिकार करायची आहे की लग्न?"

"लग्न असते तर मी इतके पाहिले नसते!"

बाहेर गाडीत मॉसी नाकात नळी घालून बसला होता. पाचवी बंदूक पसंत पडली तेव्हा दुकानदाराने सांगितले की नव्या बंदुकीसाठी पोलीस ठाण्यातून नवा दाखला लागेल आणि साहेबांची सही नाताळानंतर होईल.

"नाताळानंतर माझीच सही होणार नाही," मॉसी म्हणाला. "बापाची बंदूक घ्या आणि मला घरी न्या."

म्हणजे बिस्मथ. पासष्ट मिलिमीटरचे बिस्मथ. नोव्हेंबरभर पद्माकररावांनी आयर्लंडमधल्या एकूण एक दुकानांना पत्ररूप ईमेल लिहिले, विषय आणि संदर्भ क्रमांकासह. डिसेंबरात उत्तरे आली: नाही, नाही, मार्चमध्ये. नाताळ आला. मॉसीने तो पाहिला. डॉक्टरचा अंदाज खरा ठरला.

सोळा जानेवारीला कॉर्कच्या एका दुकानात एक खोका सापडला. एकच! पंचवीस काडतुसे. डेक्लन जाऊन घेऊन आला. मॉसीने खोका मांडीवर घेतला आणि झाकणावरून हात फिरवला. त्याच्या हाताची हाडे आता कातडीतून मोजता येत होती.

"उद्या जाऊ या!" तो म्हणाला.

"उद्या?" पद्माकरराव हादरले. "आवक माल तपासल्याशिवाय?"

"खोक्यावर लिहिलंय, बिस्मथ."

"खोक्यावर लिहिणाऱ्याने शपथ घेतलेली नसते, मिस्टर हेहिर."

इथे वाचकहो, थोडे थांबले पाहिजे, कारण पद्माकरराव जे कोणाला सांगत नसत ते तुम्हाला सांगणे भाग आहे. चौतीस वर्षांचे ते वाक्य पूर्ण खरे नव्हते. एक्याण्णव साली बोल्टांची एक खेप आली होती. दर शंभरातले पाच तपासायचे, असा नियम. त्यांनी पाच तपासले, पाचही उत्तम, सही केली. न तपासलेल्यांतला एक प्रेसवर तुटला. साळुंखे नावाच्या कामगाराची उजव्या हाताची चार बोटे गेली. नियमाप्रमाणे दोष कोणाचाच नव्हता. साळुंखे पुढे कारखान्याच्या दारावर पहारा करी आणि रोज सकाळी डाव्या हाताने पद्माकररावांना सलाम करी. एकोणीस वर्षे करी. तेव्हापासून पद्माकररावांचा नमुना तपासणीवर विश्वास उरला नाही. खराब नग कधी तपासलेल्यांत नसतो, तो उरलेल्यांतच असतो. म्हणून तपासणी शंभर टक्के!

आणि या खोक्यातला एखादा नग मॉसीच्या गालापाशी फुटला तर?

लायसन्स मॉसीचे, म्हणून काम मॉसीच्याच स्वयंपाकघरात चालले. मॉसी वेदनाशामकाच्या गुंगीत खुर्चीत पेंगत होता. पद्माकररावांनी वर्तमानपत्र पसरले, चोवीस बशा मांडल्या. बिस्मथ ओळखण्याची रीत सोपी आहे: चुंबक लावा, चिकटला नाही तर पोलाद नव्हे, हातोडीने ठोका, चपटा झाला तर शिसे, चुरा झाला तर बिस्मथ. फक्त ठोकायला दाणा हवा, आणि दाणा काडतुसाच्या पोटात असतो. काडतूस उघडले की बिस्किटाच्या पुड्यासारखे पुन्हा मिटता येईल, अशी त्यांची समजूत होती.

पहिले उघडले. ठक्! चुरा. उत्तम! मिटेना. मग पाहू.

दुसरे उघडले. ठक्! चुरा. उत्तम! पण ही दोन म्हणजे नमुनाच झाला की. साळुंख्यांचा सलाम आठवला. तिसरे उघडले.

नर्स ब्रीज रोजच्यासारखी अकरा वाजता आली तेव्हा तिने पाहिले ते असे: खुर्चीत एक मरणोन्मुख म्हातारा, त्याच्या शेजारी फुसफुसणारे ऑक्सिजनचे यंत्र, आणि टेबलाशी बशांमधून मांडलेल्या दारूच्या चोवीस ढिगाऱ्यांपुढे हातोडी उगारून बसलेला दुसरा म्हातारा!

"जीझस, मेरी अँड जोसेफ!"

"पूर्ण होत आले," पद्माकरराव मान वर न करता म्हणाले.

"अहो, ऑक्सिजन! बंदुकीची दारू! हातोडी! तुम्हाला यातलं नक्की काय कळत नाही?"

पद्माकररावांची उगारलेली हातोडी हवेतच राहिली. ठिणगी! कारखान्यात त्यांनी स्वतः रंगवून लावलेल्या पाट्या डोळ्यांपुढे एकामागून एक उभ्या राहिल्या. ब्रीजने एका हाताने यंत्र बंद केले, दुसऱ्याने खुर्ची मॉसीसकट अंगणात नेली. चोवीस बशा बादलीभर पाण्यात गेल्या. त्यांतल्या आठ चित्राताईंच्या पोहे खायच्या होत्या.

गारठ्याने मॉसी जागा झाला.

"काय झालं?"

"सर्व नग उत्तम आहेत, मिस्टर हेहिर," पद्माकरराव दारातून म्हणाले. त्यांचा आवाज मात्र उत्तम नव्हता. "चोवीसपैकी चोवीस."

"छान. उरली किती?"

ब्रीजने बादलीकडे बोट दाखवले.

"एक," पद्माकरराव म्हणाले. "एक नग नियमाप्रमाणे न उघडता सीलबंद ठेवायचा असतो. संदर्भ नमुना म्हणून."

मॉसीने अंगणावरच्या राखाडी आभाळाकडे पाहिले. "पॅडी," तो म्हणाला, "तू माझा डॉक्टर नाहीस हे माझं नशीब. आजार ओळखण्यासाठी तू आधी पोस्टमॉर्टेम केलं असतंस."

खरे तर संदर्भ नमुना अजून सीलबंद व्हायचा होता. ते काम त्याच दुपारी झाले, तेही मॉसीच्याच टेबलावर आणि ब्रीजच्या देखरेखीखाली. कारखान्यात सील लाखेचे असे. पण आता ज्वाला म्हटले की ब्रीज डोळे वटारी. म्हणून पद्माकररावांनी सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून आणले.

"बाबा, कशाला हवंय?" तन्वीने विचारले होते.

"सुरक्षेसाठी."

तन्वीने पुढे विचारले नाही. या घरात नांदायला तेवढे शहाणपण लागे.

काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक इवलीशी पितळी टोपी असते. बंदुकीची पिन त्या टोपीवर आदळते आणि बार उडतो. म्हणजे छेडछाड व्हायची तर तिथेच. पद्माकररावांनी नेमके तिथे सील केले. एक थर दिला. तो असमान वाटला. दुसरा दिला. तिसरा. चौथा थर वाळल्यावर काडतुसाचे बूड नवरीच्या कपाळासारखे दिसू लागले. पिन स्वतःच सील फोडील, आणि तोच ते आधी कोणी फोडले नव्हते याचा पुरावा! मग त्यांनी काडतुसाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: नग, संख्या, निकाल, तपासनीस. निकालाची जागा कोरी ठेवली. न तपासलेला एक नग त्यांच्या हातून बाहेर जाणार होता. त्यांना नीट जेवण गेले नाही.

पुढचे दोन आठवडे मॉसीला ताप होता. एकतीस जानेवारीला पहाटे तो उठून बसला आणि म्हणाला, "आज."

डेक्लनने चाकांची खुर्ची बांधावरून ढकलली. मागे पद्माकरराव, ऑक्सिजनचे छोटे नळकांडे छातीशी धरून. फर्गसचे पाणी शिशाच्या रंगाचे होते. शिशाला बंदी असताना तेवढेच शिसे तिथे उरले होते. लव्हाळ्यांवर दहिवर गोठले होते. मॉसीने चिठ्ठी सोडून काडतूस भरले, नाकातली नळी काढली, नळकांडे दूर न्यायला सांगितले आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली.

तास गेला. मॉसीचे ओठ निळे पडू लागले.

"काका, जाऊ या का?" डेक्लन कुजबुजला.

"गप्प."

आणि ते आले! हिरव्या मानेचा एक नर, एकटा, खाली, सरळ. पंचवीस पावले. वीस! पंख ताणून तो पाण्यावर उतरायला थबकला. मॉसीने बंदूक खांद्याला लावली. पाच महिन्यांत प्रथमच त्याचा हात थरथरत नव्हता. त्याने चाप ओढला.

टिक.

एवढेच. घड्याळ एकदाच वाजावे तसे. बदक पाण्यावर बसले, त्याने मान वाकडी करून या तिघांकडे पाहिले, थोडे चोचीने अंग साफ केले आणि सावकाश लव्हाळ्यांमागे निघून गेले.

बार कधी उशिराही उडतो, म्हणून बंदुकीची नळी पाण्याकडेच धरून मॉसीने डेक्लनला साठपर्यंत मोजायला लावले. मग बंदूक मोडून उघडली. पद्माकररावांनी वाकून पाहिले. चार लाल थरांच्या मधोमध पिनेची खूण उमटली होती. लोण्यावर बोट टेकावे तशी. खालची टोपी तशीच, शाबूत, अस्पर्शित. नव्वद वर्षांच्या जुन्या स्प्रिंगचा जेवढा म्हणून जोर होता, तेवढा तन्वीच्या नेलपॉलिशने गिळला होता.

पद्माकररावांना एका क्षणात सगळे समजले. नग निर्दोष होता.

"काय झालं याला?" मॉसीने विचारले.

बांधावर वारा होता. पद्माकररावांनी चिठ्ठी घेतली, पेन काढले, निकालाच्या कोऱ्या जागेत 'सदोष' असे इंग्रजीत लिहिले आणि खाली सही केली.

"म्हणजे खराब होतं?"

"कधी कधी असे होते," पद्माकरराव म्हणाले. "उरलेल्यातच असतो तो."

मॉसीने काडतूस आणि चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. घराच्या फाटकाशी खुर्ची थांबवून म्हणाला, "पंचवीस, पॅडी. माझा बाप पंचवीस काडतुसांत अख्खा हिवाळा काढायचा." आणि आत गेला.

सेंट ब्रिजिडचा दिवसही त्याने पाहिला. सहा फेब्रुवारीला तो गेला.

त्यांच्या रीतीप्रमाणे शव घरातच ठेवले होते. सगळा गाव रांगेने आला. चहा, सँडविच, हळू आवाजातले विनोद. पद्माकरराव कोपऱ्यात उभे होते. जो तो येऊन त्यांचा हात हातात घेई, जरा जास्तच वेळ घेई आणि म्हणे, "काडतुसांचं बघणारे ते तुम्हीच ना?" हा आदर आहे असे त्यांनी ठरवले. दुसरे काही ठरवण्याची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाहगृहाच्या प्रार्थनागृहात पुढच्या बाकावर डेक्लन त्यांच्या शेजारी बसला.

"काकांचा तुमच्यासाठी निरोप होता," तो डोळे पुसत कुजबुजला. "ते खराब काडतूस माझ्या खिशात राहू दे म्हणाले. पॅडीला सांग, वर गेल्यावर बदलून घेतो."

"खिशात?" पद्माकरराव गर्रकन त्याच्याकडे वळले. "कोणत्या खिशात?"

"त्या सुटाच्या. मी स्वतः ठेवलं." डेक्लनने पेटीकडे बोट दाखवले. "खराब आहे, म्हणून बरं."

खराब! पाद्रीबाबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. पेटीमागचा पडदा हलू लागला होता. या संपूर्ण सभागृहात एकाच माणसाला ठाऊक होते की ते काडतूस उत्कृष्ट आहे. दारू उत्कृष्ट, टोपी उत्कृष्ट, छर्रे चौथ्या नंबरचे, पस्तीस गजांपर्यंत परिणामकारक! आणि ते काही मिनिटांत आठशे अंश तापमानात जाणार होते. भट्टीपाशी कोणी तरी कामगार उभा असेल. त्याला दोन हात असतील. हातांना बोटे असतील.

"अहो, बसा!" चित्राताईंनी कोट ओढला.

पद्माकरराव उभे राहिले होते.

"थांबा!" ते ओरडले. पाद्री 'शांती' म्हणता म्हणता थांबले. "पेटी नेऊ नका! आत भरलेले काडतूस आहे!"

दोनशे माणसे वळली.

"ते खराब आहे," डेक्लन म्हणाला.

"नाही!" पद्माकररावांनी पुढच्या बाकाचा काठ घट्ट धरला. त्यांचे इंग्रजी नेहमीच आराखड्यावरच्या सूचनांसारखे असे. "नग निर्दोष आहे. दोष सीलमध्ये आहे. सील मी केले. चार थर दिले. त्या दिवशी बांधावरच मला समजले होते आणि मी खोटे लिहिले. मिस्टर हेहिरांचा शेवटचा बार माझ्यामुळे उडाला नाही. चौतीस वर्षांत..." ते अडखळले. "हा माझा दुसरा. पहिल्यात एकाची चार बोटे गेली होती."

चित्राताईंनी धरलेला कोट सोडला.

तेव्हा मागच्या दाराशी काळ्या कोटातला अंत्यविधीवाला खाकरला. तो हातातली टोपी फिरवीत संथ पावलांनी पुढे आला.

"साहेब, काळजी करू नका," तो अदबीने म्हणाला. "ते आम्ही काल रात्रीच काढलं. क्लबाच्या चिटणिसाच्या लोखंडी कपाटात कुलपात आहे. आम्ही प्रत्येकाचे सगळे खिसे तपासतो. शंभर टक्के. एकदा एकाच्या खिशात पेसमेकरची जुनी बॅटरी राहिली आणि भट्टीत फुटली, तेव्हापासून नमुन्यावर भरवसा ठेवत नाही."

"उत्तम," पद्माकरराव क्षीण आवाजात म्हणाले, कारण दुसरा शब्द सुचला नाही.

"त्याला ही चिठ्ठी बांधलेली होती. ती तुमचीच असावी."

पुठ्ठ्याची ती चिठ्ठी! तिच्यावर त्यांचेच 'सदोष'. पण ते कोणी तरी आडवी रेघ मारून खोडले होते आणि शेजारी थरथरत्या अक्षरांत लिहिले होते: 'काडतूस ग्रँड', म्हणजे इकडच्या बोलीत झकास. आणि खाली, तपासनीस या शब्दापुढे, त्यांच्या सहीच्या अगदी डोक्यावर: 'नापास'.

साठ वर्षे काडतुसे हाताळलेल्या माणसाला चांगले काडतूस ओळखू येणार नाही, असे पद्माकररावांना कसे काय वाटले होते, कोण जाणे!

"हे... आणखी कोणी वाचले आहे का?" त्यांनी विचारले.

अंत्यविधीवाल्याने एकदा सभागृहाकडे नजर टाकली. दोनशे माणसे एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागली. एका बाकावरून नाक दाबल्याचा आवाज आला. ती ब्रीज होती, आणि ती रडत होती की काय करीत होती हे सांगणे कठीण.

"काकांनी मरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना दाखवली ना," डेक्लन ओशाळून म्हणाला. "मी म्हटलं, मजेनं लिहिलंय."

पडदा पुन्हा हलला. पेटी सावकाश, कोरडी, आत गेली. कसलाही आवाज झाला नाही. पद्माकरराव शेवटपर्यंत उभेच होते. मग ते खाली बसले, चष्मा लावला, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी तपासली आणि चित्राताईंना म्हणाले, "पेन दे."

"आता कशाला?"

"तारीख घालायची राहिली आहे."